ठिगळाचं विमान

"विमान?" अब्बांनी हातातली कानस खाली ठेवली नाही. "तात्या, आमच्याकडं सतारी मिळतात, तंबोरे मिळतात. विमान पाहिजे असेल तर पुण्याला जा."

"पुण्याचे लोक पुठ्ठ्याचं करून देतात, उस्ताद. लांबूनच कळतंय पुठ्ठा म्हणून." तात्या आवटी आमच्या कारखान्याच्या उंबऱ्यावर ऐसपैस बसले. ते आझाद कला मंडळाचे अध्यक्ष, तेलघाणीचे मालक आणि अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त. "लढाई जिंकलो त्याला वर्ष होत आलं. गणपतीला सगळ्या गावात लढाईचेच देखावे असणार. इचलकरंजीवाले रणगाडा करायला लागलेत. आपलं विमान वरनं सूं करून खाली आलं पाहिजे आणि रणगाडा फोडला पाहिजे. लाकूड वाकवणारा हात मिरजेत तुमच्याशिवाय कुणाचा आहे?"

स्तुतीनं अब्बा हलणाऱ्यातले नव्हते. त्यांनी कानशीवरची पूड फुंकली आणि म्हणाले, "लढाईचं काही माझ्या कारखान्यात व्हायचं नाही. तुला माहीत आहे."

तात्यांना माहीत होतं. सगळ्या सतारमेकर गल्लीला माहीत होतं. आमचं घराणं मूळचं शिकलगारांचं. पणजोबांपर्यंत तलवारींना धार लावायची, खंजीर घासायचे, हेच काम. मग तलवारी गेल्या, गवई आले आणि आमच्या आजोबांनी भोपळा हातात घेतला. अब्बा त्याचा फार अभिमान बाळगत. "आम्ही हत्यार ठेवून साज उचलला," असं येणाऱ्याजाणाऱ्या गवयाला चहाबरोबर ऐकवत. आणि अशा माणसाचा धाकटा मुलगा, माझा भाऊ गौस, विसाव्या वर्षी तयार हात टाकून हवाई दलात भरती झाला. त्या दिवसापासून अब्बा त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तो सुट्टीवर यायचा, पाया पडायचा, अब्बा तारेचा पीळ बघत बसायचे. सहा वर्षं हे चाललं होतं. एकाहत्तरची लढाई झाली, गौस पंजाबातल्या तळावर होता, रोज रेडिओवर विमानांच्या बातम्या येत होत्या, तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. फक्त त्या दिवसांत रात्रीचं जेवण सोडलं होतं. पोटाची तक्रार आहे म्हणाले.

घरात आम्ही दखनी बोलतो. इथं सगळं मराठीत आणलंय, नाहीतर वाचणाऱ्याची पंचाईत.

"मी करतो तात्या," मी म्हणालो. तेव्हा माझं वय तिशीचं, अंगात रग होती, आणि खरं सांगायचं तर तंबोऱ्यांना खुंट्या बसवून बसवून मी कंटाळलो होतो. "कारखान्यात नाही. मागं परड्यात."

अब्बांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. नाही म्हणाले नाहीत, तेवढंच मी परवानगी समजलो.

गौस सुट्टीवर आला तो गणपतीच्या आधी पंधरवडाभर. खांद्यावरची ट्रंक खाली ठेवायच्या आत मी त्याला परड्यात नेला. मी बांबूच्या कामट्या सोलून सांगाडा उभा करायला घेतला होता. तो बघून तो इतका हसला की अम्मा चुलीवरचं सोडून बाहेर आली.

"भाई, हे कुठलं विमान?"

"लढाऊ विमान. दिसत नाही?"

"हे बदक आहे." त्यानं खडू उचलला आणि परड्याच्या फरशीवर आकृती काढायला लागला. एक लांब गोल नळी, पुढचं तोंड उघडं आणि त्या तोंडात मधोमध एक शंकू. पंख इतके मागं वळवलेले की जोरात पळताना गाईचे कान पडतात तसे. "हे सुखोई-सात. रशियाचं. मी ह्यावर असतो."

आता सुखोई म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढं दोन इंजिनांचं नवं विमान येतं. ते हे नव्हे. हे जुनं, एका इंजिनाचं, एका माणसाचं. तेल इतकं पितं की फार लांब जाऊ शकत नाही, असं गौस सांगायचा. उतरतंही इतक्या वेगानं की थांबायला मागून छत्री सोडावी लागते. पण जमिनीलगत जायचं, रणगाडे, तोफा, मालगाड्या फोडायच्या आणि घरी यायचं, हे त्याचं काम. "देखणं नाही, भाई," तो म्हणाला, "पण मार खाऊन परत येतं." हे सांगताना त्याचा आवाज असा झाला की मी रंधा थांबवून त्याच्याकडं पाहिलं. आमच्या एखाद्या चांगल्या तंबोऱ्याबद्दल अब्बा बोलतात तेव्हा त्यांचा होतो तसा.

मग आम्ही कामाला लागलो. खऱ्याच्या पाचव्या हिश्श्यानं करायचं ठरलं. मापं गौसच्या डोक्यात होती. तंबोऱ्याच्या मोठ्या भोपळ्याचा गळा कापून आम्ही पुढचं तोंड केलं आणि शंकूसाठी एका लहान भोपळ्याचं निमुळतं टोक बसवलं. अंग मी सतारीच्या भोपळ्यावर बसवतात त्या तबलीसारखं पातळ रंधलेल्या पट्ट्यांनी मढवलं. सरस लावला, वरून मलमल ओढली, त्यावर लाखेचे हात दिले. त्या वर्षी पाऊस रुसलेला होता, शेतकरी आभाळाकडं बघत होते. आमचं मात्र परडं कोरडं असल्यानं सरस छान वाळत होता, आणि ह्याचा आनंद मानायचीही लाज वाटायची.

रंगाला गौसनं ब्रश घेतला आणि हिरवे-तपकिरी डाग मारायला लागला. त्यात फटकारे उठून दिसत होते.

"अरे, जरा सफाईनं मार," मी म्हणालो. "आमच्या घराची पॉलिश प्रसिद्ध आहे."

"खऱ्यावरही आम्ही हातानंच मारला होता. विमानं आली ती चांदीसारखी चकचकीत. लढाईत तेवढी चमक कशाला? मग जो तो ब्रश घेऊन सुटला. दोन विमानं सारखी नव्हती."

ह्या सगळ्या दिवसांत अब्बा परड्यात आले नाहीत. पुढच्या खोलीत बसून तंबोऱ्याच्या घोडीला जवारी लावत राहिले. चहाची वेळ झाली की अम्माला म्हणत, "सांग मागं, चहा झालाय." मागं म्हणजे गौसला. गौस परड्यातून अम्मालाच म्हणायचा, "सांग पुढं, येतो." मध्ये बिचारी अम्मा टपालखात्यासारखी फिरत होती. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुमच्या दोघांच्या तोंडाला मी आता तारा बांधते." दोघंही हसले, आपापल्या जागी.

त्याच दुपारी गौस सहज विचारावं तसं म्हणाला, "भाई, ह्या खेपेला तरी बोलतील का?"

"का रे? ह्या खेपेला काय आहे?"

"काही नाही. लढाईत एकदा वाटलं होतं, की राहूनच जातंय." आणि तो पुन्हा ब्रश मारायला लागला.

मी भाऊ म्हणून थोरला, पण ह्या बाबतीत माझ्या हातात काहीच नव्हतं. अब्बांना समजावणं म्हणजे वाळलेलं लाकूड वाकवणं, मोडतं पण वाकत नाही.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी विमान पुरं झालं. मी दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि खरंच छाती फुगली. शेपटीचा उभा पंख तर असा साधला होता की त्यावर हात फिरवला तर सांधा कुठं आहे हे माझं मलाच सापडत नव्हतं. मी नमाजाला गेलो. परत आलो तर गौस पटाशी घेऊन त्या शेपटीपाशी बसलेला. शेपटीला वीतभर भगदाड पडलेलं, कडा फाटलेल्या, दोन चिरा खालपर्यंत गेलेल्या.

"गाढवा! काय केलंस हे?"

"थांब, भाई. अजून व्हायचंय."

"काय व्हायचंय? आता काय पंख तोडणार? रात्रंदिवस राबलो मी त्याच्यावर!"

तेलाच्या डब्याचा पत्रा कापलेला होता, तो त्यानं भगदाडावर ठेवला, कडेकडेनं बारीक चुका ओळीनं ठोकल्या. पत्र्याला रंग दिला नाही. हिरव्या-तपकिरी अंगावर ते करडं ठिगळ लांबूनसुद्धा डोळ्यांत जात होतं. मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण त्याचा हात. तो हात इतक्या निगुतीनं चालला होता की मस्ती करणारा माणूस असं काम करत नाही, हे मला रागातही कळत होतं.

"हे असं का?" मी शेवटी विचारलं.

"असंच होतं ते."

"कुठलं?"

"आमचं."

"नीट सांगशील?"

"ज्यांनी विचारायचं त्यांनी विचारलं तर सांगीन," तो म्हणाला आणि पुढची चूक ठोकली.

संध्याकाळी तात्या चार पोरं घेऊन विमान न्यायला आले. पुढून बघून खूष झाले. तोंडात हात घालून शंकू फिरतो का बघितला. अम्माच्या जुन्या ओढणीची छत्री शेपटीतून सुटते हे दाखवल्यावर तर त्यांनी टाळीच वाजवली. छत्री उतरताना लागते, हल्ला करताना नव्हे, असं गौसनं सांगितलं. "लोकांना काय कळतंय," तात्या म्हणाले, "सोडायचीच." मग ते मागच्या बाजूला आले आणि थबकले.

"हे काय? ठिगळ?"

"हो," गौस म्हणाला.

"गणपतीपुढं ठिगळाचं विमान? अरे, लोक म्हणतील मिरजकरांना धड विमान परवडलं नाही. आणि आपल्या विमानाला गोळी लागली हे आपणच सांगायचं? इचलकरंजीवाले वर्षभर हसतील. त्यातून निवेदन टेप झालंय! शाळेतल्या सरांनी काय लिहिलंय माहीत आहे? 'ज्याच्या अंगाला शत्रूची गोळी शिवू शकली नाही.' आता ह्या ठिगळाचं काय करू मी? दस्तगीर, हे काढ आणि रंग मार."

मी ब्रश उचललाही होता. गौस मध्ये येऊन उभा राहिला.

"काढू देणार नाही."

"काय म्हणालास?"

"विमान तुमचं आहे, तात्या. पण हे काढायचं असेल तर आधी मला परड्यातून काढा."

असा तो कुणाशी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. तात्यांचाही पारा चढला. मंडळाची पोरं मध्ये बोलायला लागली, मी दोघांना आवरायला गेलो आणि माझाच आवाज सगळ्यांत मोठा झाला. अम्मा पदर तोंडाला लावून दारात उभी. आणि तिच्या मागून अब्बा आले.

अब्बा कुणाकडं न बघता सरळ विमानापाशी गेले. चष्मा कपाळावर चढवला. पंखावरून हात फिरवत मागं आले, शेपटीपाशी वाकले. ठिगळाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग त्या दोन चिरांवरून बोट खाली नेलं, जिथं त्या संपत होत्या तिथं. तिथं बोट थांबलं. मी वाकून पाहिलं तेव्हा मला प्रथम दिसलं, की दोन्ही चिरांच्या टोकाला एकेक बारीक गोल भोक पाडलेलं होतं, सुईच्या जाडीचं.

तुम्हाला सांगायला हवं. भोपळा तडकला की अडाणी माणूस चिरेवर सरस ओततो. ती चीर आठ दिवसांत पुढं पळते. आमच्या घरात आधी चिरेचं टोक शोधतात, तिथं बारीक भोक पाडतात, मग चीर तिथंच मरते. त्यानंतर ठिगळ, तेही गोल कोपऱ्याचं, कारण टोकदार कोपऱ्यातून नवी चीर निघते. अब्बांनी आम्हा दोघांना रंध्याच्याही आधी हे शिकवलं होतं.

"ही भोकं कुणी पाडली?" अब्बांनी विचारलं.

प्रश्न कुणाला होता हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. ते गौसकडं बघत होते. सहा वर्षांनी.

"मी," गौस म्हणाला. "खऱ्यावर पण मीच पाडली होती."

"खऱ्यावर?"

"ते विमान दुपारी आलं, अब्बा. शेपूट फाटलेलं. पलीकडचा उजेड ह्या बाजूनं दिसत होता. वैमानिक कसा घेऊन आला, खुदा जाणे. साहेब म्हणाले, बाजूला लावा, हे आता उडत नाही. विमानं आधीच कमी. मी म्हणालो, मला रात्र द्या. दिवे लावायला बंदी, एकानं कांबळ्याखाली बॅटरी धरली आणि मी काम केलं. आधी भोकं पाडली. सार्जंटनं विचारलं, हे तुला पुस्तकात शिकवलं का? पुस्तकात आहे. पण मला आधीच येत होतं. म्हणालो, मिरजेत शिकलो. भोपळ्यावर."



"मग?" अब्बा म्हणाले.

"सकाळी वैमानिक आला. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठा असेल. ठिगळावर असा हात ठेवला आणि विचारलं, कुणी केलं? मी पुढं झालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि शिडी चढला. बस. तो परत येईस्तोवर मी धावपट्टीच्या कडेला उभा होतो. परत आला. त्याच दिवशी पुन्हा गेला, पुन्हा आला. लढाई संपेपर्यंत त्या ठिगळावर उडाला तो."

"तू हे काम करतोस?"

"हो. विमानाचं अंग, पंख, शेपूट. मोडलेलं जोडायचं."

"मला वाटलं, बाँब भरतोस."

"तुम्ही विचारलंच नाही, अब्बा."

अब्बांनी मान खाली घातली. ते आता काय बोलतात ह्याकडं आम्ही सगळे जीव मुठीत धरून बघत होतो. त्यांनी चष्मा खाली घेतला, पुन्हा ठिगळावर वाकले आणि नखानं एक कोपरा दाखवला.

"हा अजून गोल पाहिजे. कानस आण."

गौस कानस आणायला धावला तो तात्यांच्या पायावर पाय देऊन. आणि बाप नि लेक त्या पत्र्याच्या कोपऱ्यावर डोकं लावून बसले. एक धरतो, एक घासतो. मला खोटं सांगायचं नाही, मला थोडा हेवाही वाटला. पण अम्मा दारात रडत होती आणि हसत होती, तिच्याकडं बघून माझाही बांध फुटला.

"उस्ताद," तात्या जरा वेळानं नरमाईनं म्हणाले, "काम ब्येस आहे, मी कुठं नाही म्हणतोय? पण गर्दीतल्या माणसाला हे कसं कळायचं? त्याला ठिगळच दिसणार. आणि टेपवर तर उलटंच..."

"टेप राहू दे," अब्बा कानस चालवता चालवता म्हणाले. "लोकांना मी सांगतो."

अब्बा आणि माईक! आयुष्यात ह्या माणसानं चार लोकांत उभं राहून भाषण केलं नव्हतं. सत्काराला बोलावलं तरी शाल घेऊन खाली बसत. तात्यांना वाटलं, सकाळपर्यंत विसरतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मारुतीच्या देवळाच्या गच्चीवरून खाली मांडवापर्यंत तार ताणलेली. गच्चीवर कनातीमागं विमान, आणि त्याची दोरी धरून आम्ही दोघं भाऊ. खाली लगद्याचा रणगाडा, त्यात फटाक्यांची माळ. आरती झाली. दिवे गेले. कनातीच्या फटीतून मी बघितलं, तर निवेदकाच्या टेबलाशी अब्बा उभे होते. धुतलेली शेरवानी घातलेली, माईक दोन्ही हातांनी तंबोऱ्यासारखा धरलेला.

पहिल्यांदा नुसता श्वासच ऐकू आला. मग लक्ष्मी मार्केटपर्यंत लावलेल्या सगळ्या कर्ण्यांतून आमच्या अब्बांचा घोगरा आवाज आला.

"ऐका मंडळी. आता विमान येईल. सुखोई-सात. त्याच्या शेपटीला ठिगळ दिसंल. कुणी हसू नका. लढाईत त्याला गोळी लागली होती. साहेब म्हणाले, आता उडत न्हाई. ते ज्यानं रातीत जोडलं आणि सकाळी उडतं केलं, तो माझा धाकटा. सतारमेकर गल्लीतला. हे काम तो माझ्या घरात शिकलाय." जरा थांबले. "बघा, आणि पुढं सरका. मागच्यांना बघू द्या."

टाळ्या कुठून सुरू झाल्या कळलं नाही, पण त्या थांबेनात. माझा बाप, माझा भाऊ, माझ्या हातचं लाकूड. त्या घडीला सगळ्या मिरजेत माझ्याएवढा श्रीमंत माणूस नव्हता. आता विमान सुटायला हवं होतं. सुटेना. मी बाजूला बघितलं तर गौस दोरी छातीशी धरून उभा, डोळ्यांतून धारा लागलेल्या, हात थिजलेले.

"अरे सोड की!" मी कुजबुजलो. त्याला ऐकूच आलं नाही.

खाली लोक माना वर करून थांबलेले. तात्या मांडवातून हातवारे करत होते. कर्ण्यात पुन्हा एकदा श्वास ऐकू आला, आणि मग अब्बांनी साऱ्या गावाच्या देखत, माईकवरून, हाक मारली.

"गौस! सोड बेटा. मी बघतोय."

त्यानं दोरी सोडली.